निनावी आवाज : ट्रॉम्बेकरांसाठी प्राथमिक धडे

सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकून टँकरच्या पैशांचा हिशेब मागायचा आहे, पण मागणारा कोण हे सेक्रेटरींना कळू द्यायचे नाही? पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. नाक चिमटीत धरून बोलू नये. माणूस ओळखू येतोच. वर सर्दीला काढा सुचवणारे निरोप येतात.

२. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, ‘चेंज पिच’ने आवाज जाड करावा आणि लगेच खूश होऊ नये. जेवढी पट्टी उतरवली तेवढी कुणी चढवली, की तुम्ही पुन्हा हजर. शिवाय दर वाक्याआधी ‘काय आहे ना’ म्हणायची सवय पट्टीत नसतेच. कोळीवाड्यातल्याने ‘पाणी’चे ‘पानी’ केले, तर आवाज रोबोचा असला तरी घर कळते.

३. खिडकी लावावी. हार्बरच्या लोकलमध्ये रेकॉर्ड करू नये. मानखुर्द आले हे गाडीच सांगून टाकते. घरात विजेची गुणगुण उतरते. ५० हर्ट्झची ही वारंवारता सतत किंचित हलत असते. न्यायवैद्यक तज्ज्ञ ती ग्रिडच्या नोंदींशी जुळवून रेकॉर्डिंगची वेळ काढू शकतात. ग्रिड देशभर एकच, त्यामुळे गल्ली कळत नाही. गल्ली कळायला शेजारचा कुकर आहे.

४. नोट स्वतःच्या नंबरवरून टाकू नये. हेही सांगावे लागते.

५. काम कोणते, ते आधी ठरवावे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आजीची कोळीगीते टिपत असाल, तर आवाजाला हात लावू नये. तिची परवानगी घ्यावी आणि मधल्या गप्पांतली शेजारणींची नावे तेवढी कापावीत. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची मुलाखत असेल, तर थट्टा इथेच थांबवावी. प्रौढ स्त्रीच्या लेखी संमतीशिवाय तिची ओळख छापणे वा प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. नुसता आवाज बदलून भागत नाही. बोलणे लिहून काढावे, गाव-नोकरीचे तपशील गाळावेत आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे. धमकीच्या फोनसाठी मार्गदर्शन मिळणार नाही. आवाजाचा नमुना द्यायला दंडाधिकारी भाग पाडू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे.

६. सगळे साधले तरी एक अडचण उरते. टँकरचा हिशेब सोसायटीत एकटे तुम्हीच मागता. परका कान यंत्राने फसतो, शेजारी विषयावरूनच ओळखतो. म्हणून चौघांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. अक्षर पाचव्याचे असावे.