कर्जाचे कारण : घरदुरुस्ती

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाटण तालुक्यातली घरं खरोखर पडली. पतसंस्थांची दप्तरं चाळणाऱ्याला मात्र वाटेल, की तो भूकंप अजून थांबलेला नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बारमाही घरं दुरुस्तीला आलेली असतात, दुरुस्तीसाठी कर्ज मंजूर होतं आणि घर होतं तसंच उभं राहतं. गळत असेल तर गळत राहतं. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो आणि तिथं ‘घरदुरुस्ती’ लिहायचं असतं, एवढंच. अर्जदार भाड्याच्या खोलीत राहत असेल तर ‘मुलांचे शिक्षण’ लिहितात. लग्नच झालेलं नसेल तर ‘आईचे आजारपण’. लिहून देणारा क्लार्क समजूतदार असतो. तो विचारत बसत नाही.

माझी तक्रार या रकान्याबद्दल आहे. कर्जाबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण मी कर्जदार नाही. मी जामीनदार आहे.

नोकरी पगाराची, राहायला साताऱ्यात आणि सासुरवाडी सांगली जिल्ह्यात, एवढ्या भांडवलावर माणूस दोन जिल्ह्यांचा जामीनदार होऊ शकतो. साताऱ्याकडचे मला ‘सर’ म्हणतात, सांगलीकडचे ‘दाजी’. मजकूर एकच. ‘सर, नुस्ती सही करायची. तुमाला काय तोशीस न्हाई.’ ‘दाजी, हप्ता मी भरणार हाय की. तुमचं निस्तं नाव.’ नुसती सही म्हणजे चालू महिन्याचं पगारपत्रक, बँकेचा उतारा, आधार, पॅन, सही केलेले कोरे चेक आणि दोन फोटो. कर्जदार स्वतःचे फोटो विसरला तर ‘उद्या आणून देतो’ म्हणतो आणि ते चालतं. माझा फोटो जुना निघाला तर फाईल परत येते. नव्या फोटोचे पैसे मीच देतो. रक्कम मोठी नाही, पण तिचा उल्लेख कुठल्याच करारात नसतो.

मंजुरीच्या दिवशी कंदी पेढे येतात. पूर्वी मुलगा पास झाला, नोकरी लागली, की पेढे वाटायचे. आता कर्ज मंजूर झालं की वाटतात. कर्ज फिटलं म्हणून कुणी पेढे वाटलेले पाहिले असतील तर कृपया मला कळवावं. जामीनदाराला या व्यवहारातून होणारी एकूण प्राप्ती पाव किलो असते आणि ती घरातली मंडळी संध्याकाळपर्यंत संपवतात.

खरं कारण नंतर कळतं, तेही व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून. एका घरदुरुस्तीला मी सही केली आणि थोड्याच दिवसांत तिचा फोटो स्टेटसला आला. दुरुस्तीला चार पाय होते, शिंगं तासलेली होती आणि कपाळावर गुलाल होता. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या दावणीला नवीन वाघ’.

शर्यतीचा बैल हे काय प्रकरण आहे, ते मला नाइलाजानं शिकावं लागलं. आमच्याकडची शर्यत चाकोरीतून पळते. आधी गट, मग सेमी, मग फायनल. दात न लावलेला तो ‘आदत’, त्याचं मैदान वेगळं. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा दुसरा अशी जोडी जुंपली की तो ‘पैरा’. आमच्याकडचं कर्जसुद्धा पैऱ्यावरच पळतं. हौस एकाची, पगार दुसऱ्याचा. बैलाला दूध, अंडी, खजूर, बदाम लागतात. माझ्या घरी बदाम दिवाळीला येतात आणि मोजून वाटले जातात.

यात कर्जदाराचा हिशेब चुकतो असं कुणी म्हणू नये. २०२३ साली खानापूर तालुक्यात भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबराला थार गाडी होती. बैल काही लाखांचा आणि गाडी त्याहून महाग, म्हणजे वरचा सगळा नफा. त्या हिशेबात धरायचे राहतात ते फक्त शेजारच्या चाकोरीतले बैल.

शिवाय शर्यतीला कोर्टाची साथ लागते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं बैल दावणीला उभा होता आणि व्याज पळत होतं. त्याला कुठल्या न्यायालयानं बंदी घातली नाही. हप्ते अंगावर आल्यावर तोच ‘वाघ’ खरसुंडीच्या जत्रेत उभा करतात आणि तिथं गिऱ्हाईक त्याचे दात पाहून निम्मी किंमत सांगतं. उरलेली निम्मी कुणी द्यायची, हे जत्रेत ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं आणि त्याखाली माझी सही असते.

सासुरवाडीकडे बैलाऐवजी पक्षी निघाले. आधी इमू. ऑस्ट्रेलियातला हा पक्षी माणसाएवढा उंच. त्याचं तेल विकतं, कातडं विकतं, पिसंसुद्धा वाया जात नाहीत, असं सांगत. विकत कोण घेतं, तेवढं सांगायचं राहून जाई. लोक इमू विसरले आणि कडकनाथ आला. झाबुआकडची ही कोंबडी, मांसापासून हाडांपर्यंत काळी. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्याइतकं कागदोपत्री वजन आमच्या घरात कुणालाच उरलं नाही. इस्लामपुरातून निघालेली योजना अशी, की तुम्ही पैसे भरा, पिल्लं आणि खाद्य कंपनी देईल, अंडी आणि पक्षीही कंपनीच चढ्या भावानं उचलेल. म्हणजे विकणारी तीच, विकत घेणारीही तीच. मधे शेतकरी कशाला हवा, हा प्रश्न कुणी विचारला नाही. २०१९ मध्ये कंपनीनं उचलायचं थांबवलं. कोंबड्यांनी खायचं थांबवलं नाही. त्यात अनेकांच्या घरातले दागिने गेले आणि ज्यांचे गेले त्यांच्यावर हसण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या शेडसाठी काढलेल्या एका कर्जाच्या अर्जावर मी स्वतःच्या डोळ्यांनी ‘मुलांचे शिक्षण’ वाचलं आहे. शिक्षण झालं, पण मुलांचं नव्हे.

लग्नाचं कर्ज ‘आईचे आजारपण’ या सदरात जातं. अशा एका लग्नाचं प्री-वेडिंग शूटिंग कासच्या पठारावर झालं. हॉलमध्ये नवरा-नवरी धुरातून प्रकट झाले. वर ड्रोन फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यानं पंगतीतल्या पत्रावळी उडत होत्या. वरातीत सगळ्यांत पुढं आई नाचत होती. ती ठणठणीत होती, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे.

या मुलखाला हे नवं नाही. १९४३ नंतर, सांगली हा वेगळा जिल्हा व्हायच्या आधी, नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इथं गावोगाव ‘गांधी लग्नं’ लावली. बडेजाव नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. लग्नापायी शेतकऱ्यानं सावकाराची पायरी चढू नये, हा हेतू. ब्रिटिशांना घालवणं त्या मानानं सोपं गेलं.

आणखी मागं गेलं, तर साताऱ्याजवळच्या धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामी होते. थोरले बाजीराव पेशवे त्यांचे शिष्य आणि त्यांचेच कर्जदार. कर्जाच्या ओझ्याखाली आपण किती दबलो आहोत, हे बाजीरावांनी स्वामींना लिहिलेल्या पत्रांत वाचायला मिळतं. साताऱ्याच्या पारसनिसांनी तो पत्रव्यवहार छापलेला आहे. पण बाजीरावांचं कारण फौजेचा खर्च होतं आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. घोड्यांसाठी पैसे काढून ‘शनिवारवाड्याची दुरुस्ती’ असं लिहिलं नाही. मुख्य म्हणजे साताऱ्यातल्या कुणा कारकुनाच्या दोन तसबिरी त्यासाठी मागवल्या नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर तो माझ्याबाबतीत स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं येतात आणि मग वसुली अधिकारी दोघांपैकी ज्याचा पत्ता सोपा, त्याच्याकडे आधी जातो. माझा पत्ता फार सोपा आहे. मी रोज अकरा ते सहा एकाच खुर्चीत सापडतो. कर्जदार तेव्हा मैदानात असतो.

नोटीस पोस्टानं येते आणि पाहुणे बसलेले असतानाच येते. ‘थकबाकीदार’ हा शब्द पाकिटाच्या खिडकीतून वाचता येईल अशा बेतानं तिची घडी घातलेली असते. मार्च महिन्यात फोन सुरू होतात. बोलणारा मुलगा नम्र असतो. ‘सर, तुमच्या पार्टीला जरा समजावून सांगा.’ पार्टीला फोन केला तर कॉलर ट्यूनला भैरवनाथाचं गाणं वाजतं. ते पूर्ण ऐकायला मिळतं. कधी उचललाच, तर उत्तर तयार असतं. ‘सर, टेन्शन घेऊ नका. मार्चला नवं-जुनं करून टाकू.’ नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जानं भरायचं. आकडा वाढतो, तारीख ताजी होते आणि कागदावर सगळं फिटलेलं दिसतं. त्यासाठी नव्या सह्या लागतात. नवे फोटोही.

नवं-जुनं जमलं नाही, तर गावात महिन्याला दहा टक्क्यांनी देणारे असतात. म्हणजे वर्षाचे सरळ एकशेवीस टक्के. सावकारीला परवाना लागतो आणि व्याजाला सरकारनं मर्यादा घातलेली आहे, हे त्या देणाऱ्यांना माहीत असतं आणि घेणाऱ्यांनाही. म्हणून तो व्यवहार कागदावर होत नाही. बैलाचं कर्ज तिथं जाऊन जमिनीचं होतं. आधी बांधाकडेचे दोन गुंठे, मग रस्त्याकडेचे चार. जाणारी जमीन चांगलीच असते, कारण वाईट जमीन सावकारही घेत नाही.

सरकारकडून काही आशा नाही. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत थकलेल्या शेतकऱ्याला दोन लाखांपर्यंत पीककर्जमाफी मिळाली. वेळेवर फेडणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. थकणारा आणि फेडणारा अशा दोन्ही जातींची दखल घेतली गेली. दुसऱ्याचं थकलेलं आपल्या पगारातून फेडणारी जी तिसरी जात आहे, तिच्यासाठी आजवर कुणी एक ओळीचाही शासन निर्णय काढलेला नाही. आमचा मोर्चा निघत नाही, कारण रजा शिल्लक नसते.

एवढं होऊनही कर्जदार तोंड चुकवत नाही, ही त्यातली सर्वांत त्रासदायक गोष्ट. तो लग्नात भेटतो, आपुलकीनं खांद्यावर हात ठेवतो, ‘सर, वाळलासा’ म्हणतो. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो आणि त्यावर शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही फोटो असतो. तोच, फाईलमधला. विचित्र कारणासाठी कर्ज काढणारा माणूस वेडा नसतो, हे मला त्या फ्लेक्सखाली उभं राहून कळलं. बैल, वरात, फ्लेक्स हे सगळं चारचौघांत दिसतं. हप्ता कुणाला दिसत नाही. काउंटरवर पैसे भरून पावती खिशात घालणाऱ्यावर अजून कुणी गुलाल उधळलेला नाही. सगळा गाव घेताना टाळ्या वाजवणार आणि देताना पाठ फिरवून बसणार असेल, तर लोक घेतील, देणार नाहीत. त्यात व्याजदराचा काही दोष नाही.

म्हणून माझ्या मागण्या मी लेखी देतो. एक, अर्जात ‘कर्जाचे कारण’ याच्याखाली ‘खरे कारण’ असा दुसरा रकाना असावा आणि तो जामीनदारानं भरावा. दोन, घरदुरुस्तीसाठी कर्ज घेणाऱ्यानं सहा महिन्यांत किमान एक कौल बदलून दाखवावं. तीन, कर्ज फेडणाऱ्याचा फ्लेक्स संस्थेनं स्वखर्चानं चौकात लावावा, वाढदिवसाच्या फ्लेक्सहून हातभर मोठा. आणि चार, फायनलची गाडी चाकोरीत उभी राहिली, की समालोचक भोंग्यावरून देवाचं नाव घेतो, बैलाचं घेतो, मालकाचं घेतो. तिथं जामीनदाराचं नाव पूर्ण पत्त्यासह पुकारावं आणि आजअखेरची व्याजासह येणेबाकी वाचून दाखवावी. झेंडा त्यानंतरच पाडावा.