गिरणीत सहल

मे महिन्यात अदलाबदल होते. मुंबईकर श्रीवर्धनच्या समुद्रावर उतरतात आणि श्रीवर्धनची पोरं एसटी पकडून लोअर परळच्या फिनिक्समध्ये ‘मुंबई बघायला’ जातात. हा मॉल म्हणजे १९०५ साली सुरू झालेली कापडगिरणी. कोकणातल्या कित्येक चुली गिरणगावच्या मनीऑर्डरवर पेटल्या. पुढे १९८२चा संप झाला, एकेक भोंगा मुका झाला आणि गिरण्यांच्या जागी काचा चढल्या. फिनिक्सची चिमणी तेवढी राखली आहे. फोटो चांगला येतो.

आजोबा गिरणीत बिल्ला दाखवून शिरायचे, नातू दोन्ही हात वर करून शिरतो. आत थंडगार दुकानात सुती सदरा हाताळतो, किमतीची चिठ्ठी उलटवतो आणि ‘रंग नाही आवडला’ म्हणत सदरा जागेवर ठेवतो. मग सरकत्या जिन्यावरून दोनदा वर-खाली. तो फुकट असतो.

कापड विणणाऱ्यांच्या नातवंडांना कापड बघायला तिकीट नाही, याला प्रगतीच म्हणायचं. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत मात्र अजून सगळ्यांना लागलेली नाही.