दाखलेवाले काका

जूनमध्ये लोणावळ्यात दोन प्रकारचे लोक चिंब भिजून येतात. एक भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसायला, हौसेनं. दुसरे माझ्या घरी, पिशवीत पिशवी आणि तिच्यात आणखी एक पिशवी घेऊन. सगळ्यांत आतल्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका असते, कोरडीठाक. बाप मात्र माझ्या सतरंजीवर गळत असतो.

हा माझा धंदा नव्हे. आठेक वर्षांपूर्वी भाचीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून दिला. तिला प्रवेश मिळाला तिच्या पर्सेंटाइलवर, पण श्रेय लागलं माझ्या बोटांना. तेव्हापासून खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत मी ‘दाखलेवाले काका’. फी म्हणून चिक्की मिळते. लोणावळ्याचा माणूस चिक्की खात नाही, पाहुण्यांकडे जाताना नेतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

लोक विचारतात, “काका, कुठं लागेल नंबर?” मी विचारतो, “आधारला कुणाचा नंबर आहे?” गेल्या पावसाळ्यात पवन मावळातला एक पोरगा आला. त्याच्या आधारला वडिलांचा मोबाइल, वडील खाचरात भातलावणीला, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात. आणि ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. रेंज फक्त बांधावर. तिथं चढून त्यांनी आकडे ओरडायला सुरुवात केली, “सहा... नऊ... अरे बैल सरकव तिकडं... चार...” बैल आम्ही फॉर्ममध्ये भरला नाही, एवढंच.

उत्पन्नाच्या रकान्यापाशी आमचा मावळ तालुका खरा गमतीला येतो. तुंगार्लीच्या एका बंगल्याची राखण करणारे गृहस्थ मुलीला घेऊन आले. पत्त्याचा पुरावा म्हणून आणलेलं लाइटबिल शेटजींच्या नावचं, बंगला सात खोल्यांचा, वर पोहण्याचा तलाव. मी विचारलं, “वर्षाचं उत्पन्न किती?” ते म्हणाले, “माझं, का पत्त्याचं?” शेतकऱ्यांचंही तेच. दर रविवारी एजंट गाडी घेऊन येतो आणि सातबाऱ्यावर बोट ठेवून कोटीचे आकडे सांगतो. खाचरातून मात्र इंद्रायणी तांदळाची मोजकी पोती निघतात. दाखल्यावर वर्षाचे साठ हजार. दोन्ही आकडे खरे.

बरं, सवलती नाहीत असं नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं. प्रवेश तेवढा कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. गावात ही बातमी ‘पोरींना सगळं फुकट’ अशी पोचली. डेव्हलपमेंट फी, मेस आणि लोकलचा पास ‘सगळं’मध्ये येत नाही, हे सांगण्याचं पाप माझ्या वाट्याला. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, आणि तो सातबाऱ्याहून निराळा. एका मुलीचे वडील तर दोन महिने शासनाला शिव्या देत होते. पैसे कधीच आले होते, आठवीत शाळेनं उघडायला लावलेल्या खात्यात. आधार तिथंच चिकटलेलं होतं, आणि त्या खात्याचं पासबुक आईनं तांदळाच्या डब्याखाली घातलं होतं, डबा डुगडुगू नये म्हणून.

काहींना घ्यायचाच संकोच. “सरकारचं फुकटचं कशाला, काका?” अशांना मी तळेगावचा पैसा फंड ऐकवतो. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत हिंडले, लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि १९०८ साली त्या पैशातून काचेचा कारखाना उभा राहिला. तिथं तरुणांना काचकाम शिकवलं जायचं. लोकांच्या पैशानं शिकणं मावळाला नवं नाही, असा समारोप करून मी चष्मा पुसतो. एका गृहस्थांनी हे सारं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “तेव्हा नॉन-क्रिमीलेअर लागायचं का?”

सर्वांत अवघड दाखला मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. बंगला राखणाऱ्या त्या गृहस्थांच्या मुलीनं कॉलेजांच्या पसंतीक्रमात हळूच पुण्याचं सीओईपी एक नंबरला टाकलं. वडिलांनी ते खाली ढकलायला सांगितलं. “आपल्याला कुठं मिळतंय? उगाच नंबर वाया.” मी सांगितलं, नंबर वाया जात नाही, न मिळालं तर पुढचं बघतात. उलट पहिल्या फेरीत एक नंबरचं मिळालं की तेच घ्यावं लागतं, म्हणून हवं तेच वर टाका. त्यांना पटेना. इतकी वर्षं ते शेटजींच्या गाडीला गेट उघडत आलेत. आत जायची पाळी पहिली आपली, ही कल्पनाच नवी. शेवटी लाइट गेली. अंधारात मुलगी म्हणाली, “बाबा, राहू दे की वर.” लाइट आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी सबमिट दाबलं.

तिला सीओईपी मिळालं नाही. पाच नंबरचं मिळालं, तेही पुण्यातलंच. रोज सकाळच्या लोकलनं जाते.

तर मंडळी, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. नवा एप्रिलमध्येच काढून ठेवा, उन्हात रांग लहान असते. आधारला चालू मोबाइल जोडा, पासबुक डब्याखालून काढा. आणि येताना चिक्की आणू नका. इंद्रायणी चालेल.