मुखेडात बसून चित्रकार व्हा: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही चित्रं काढता हे घरात कुणाला सांगितलंय का? नसेल तर सांगू नका. सांगितलं असेल तर उशीर झालाय. एव्हाना मावशीला कळलंय, मावशीकडून उदगीरच्या आत्याला, आणि आत्यानं तिच्या जावेच्या मुलाची वही तुमच्याकडं पाठवायची ठरवलीय. वही विज्ञानाची आहे. हृदयाची आकृती हवीय, नावं देऊन, सोमवारच्या आत.

लागणारं साहित्य

पुस्तकांतल्या लांबलचक याद्या सोडा. पेन्सिल, खोडरबर, रंग, कागद आणि उजेड, एवढ्यात भागतं. रंगांचं अडत नाही. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची उंटाच्या छापाची पेटी शाळेसमोरच्या दुकानातसुद्धा मिळते. अडतं ते जाड कागदापाशी. तो नांदेडहून आणवावा लागतो किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. मग कुरिअरवाला फोन करून वीरभद्राचं मंदिर, मोंढा, बसस्टँड असं सगळं मुखेड तोंडी फिरून येतो आणि शेवटी तुम्हालाच बोलावून घेतो.

उजेडाचं जरा अवघड आहे. घरात चांगला उजेड येणारी जागा एकच असते आणि तिथं उडीद वाळत घातलेले असतात. उडीद हलवू नका. कडेनं बसा, तेही आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बेतानं. एका बाजूनं येणारा उजेड कसा पकडावा याबद्दल रेम्ब्राँटचं फार कौतुक होतं. त्याच्या अंगणात उडीद नव्हते.

शिक्षण

एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा तुम्ही शाळेत दिल्याच असतील. कला संचालनालयाच्या या परीक्षांवर तालुक्यातल्या पालकांची श्रद्धा आहे, कारण ग्रेड मिळाली की दहावीला मार्क वाढतात. कलेचा एवढा रोकडा उपयोग पुढं आयुष्यात कुणी दाखवून दिल्याचं ऐकिवात नाही. वस्तुचित्रात तांब्या नीट आला, स्मरणचित्रात आठवडी बाजार उभा राहिला आणि अक्षरलेखन सरळ रेषेत झालं, की तुमचं शिक्षण पूर्ण झालं असं घरच्यांनी धरलेलं असतं. त्यानंतर तुम्ही जे काही काढता ते त्यांच्या लेखी रिकामपण.

सराव

दशरथेश्वराच्या मंदिरात जा. चालुक्यकालीन शिल्पांनी भरलेलं देऊळ आपल्या गावात आहे आणि आपण मॉडेल शोधायला मोबाइल उघडतो, याची थोडी लाज वाटू द्या. तिथल्या मातृका बाहेरच्या भिंतीवर नाचताना कोरल्यात. एरवी सप्तमातृका म्हटलं की ओळीनं बसलेल्या सात जणी आठवतात. इथं त्यांना उभं करून नाचवणाऱ्याच्या हातात काय होतं ते बघायचं असेल तर एकीच्याच कमरेची रेषा दहा वेळा काढा. कंबर एकीकडं, गुडघा दुसरीकडं, आणि तरी तोल कुठं ढळत नाही. कागदावर ती पहिल्या खेपेला हटकून पडते. हे कोरणाऱ्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. घरचे त्याला काय म्हणत असतील, याची कल्पना मात्र करता येते.

वही उघडून बसलात की कुणीतरी येऊन मागं उभं राहील.

"काय लिहायलाव?"

"चित्र काढायलोय, काका."

"सर्व्हे हाय का?"

देवळाजवळ कागद घेऊन बसलेला माणूस मोजणीला आलाय, ही आपल्याकडची पक्की समजूत. "नाही" म्हणालात तर ते पटत नाही. "हो" म्हणालात तर काका शेजारी बसतात आणि बांधाच्या भांडणाची हकिकत पहिल्यापासून सांगतात. "हो" म्हणा. बोलताना त्यांचे हात फार सुंदर हलतात, तेवढ्यात ते काढून घ्या.

घरातली समीक्षा

मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांनी 'मंदिर कसे पहावे' हे पुस्तक लिहून लोकांची सोय केली. घरातल्या पोराचं चित्र कसं पाहावं हे कुणी लिहिलेलं नाही, त्यामुळं प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं पाहतो. माय आधी हात पाहते, बांगड्या आहेत का. नसल्या तर चित्रातल्या बाईचं काय झालं असेल याची काळजी तिला दिवसभर पुरते. धाकटी बहीण आपण त्यात आहोत का ते पाहते. आज्जी चित्र उलटं धरते आणि चांगलं झालंय म्हणते.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, मात्र चुकूनही बैलाचं चित्र दाखवू नका. म्हणजे दाखवाच, पण तयारीनं. आपण लाल कंधारी आणि देवणी या दोन नामांकित जातींच्या मधोमध राहतो. कंधार त्या अंगाला, देवणी या अंगाला. मुंबईच्या गॅलरीत तुमचा बैल बैल म्हणून खपेल, अप्पांसमोर खपणार नाही. लाल कंधारीला पांढरा ठिपका टाकलात तर ते चष्मा काढून ठेवतात. देवणीत तर आणखी पोटभेद आहेत.

"वानेरा काढायलास का शेवरा?"

वानेरा, तुम्ही सांगता.

"मग वानेऱ्याच्या अंगावर हे ठिपके कशाचे? त्याचं अंग पांढरं, तोंड तेवढं काळपट. आन् कान हे असे ताठ? जर्सीचे लावलास काय?"

ही टीका वहीत लिहून ठेवा. एवढं काटेकोर बघणारा माणूस तुम्हाला कुठल्याही कला महाविद्यालयात भेटेलच असं नाही, आणि भेटला तरी त्यानं जन्मभर बैल धुतलेले नसतील. चित्र फाडू नका, कान दुरुस्त करा आणि आठवड्यानं परत दाखवा. अप्पा काही बोलले नाहीत तर ते चित्र झालं असं समजा.

चित्रकाराची इतर कामं

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणं, येळवशीच्या आधी शेतातल्या पाच पांडवांना चुना देणं, चुलतभावाच्या लग्नात भिंतीवर 'शुभविवाह' लिहून शेजारी केळीचे खुंट काढणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या मुलाचं नाव घालणं. यातल्या कशालाच नाही म्हणू नका. हुसेन पंढरपुरात जन्मले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून हात तयार केले, हे तुम्ही सांगून बघा, उपयोग होणार नाही. पैसे कुणी देत नाही. जेवायला थांबवतात.

जगाला दाखवणं

आता खरा धडा. लोकांकडं चित्रं पोचवायची युक्ती आपल्याकडं नवी नाही. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत नेऊन टांगल्या. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली' काढून मुखपृष्ठांची चटक लावली. मोंढ्यातल्या आडतीवरचं कॅलेंडर ही अप्पांच्या पिढीची आर्ट गॅलरीच होती. फरक एवढाच, की त्या चित्रकारांना कॅलेंडरखाली उभं राहून कुणी "लग्नाचं काय ठरलं" असं विचारू शकत नव्हतं.

तुम्हाला वाटतं, इंटरनेटवर टाकलं म्हणजे जग बघणार. टाका. बघणारे पहिले पन्नास जण मुखेडचेच निघतील. दहावीची बॅच, भजनी मंडळाचा ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप, तुमचे गणिताचे सर आणि ज्यांचे उसने पैसे द्यायचेत ते टेलर. गावाच्या नजरेतून सुटायला म्हणून जिथं जावं तिथं गाव आधीच पाट मांडून बसलेलं असतं. हे एकदा मान्य केलं की बाकीच्या सूचना सोप्या आहेत.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की तो दाबला जातो, बारीक रेषा विरघळतात आणि वानेऱ्याचा शेवरा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चित्र शाबूत राहतं, पण पाहुणे उघडत नाहीत, बँकेतले पैसे जातील म्हणून. तेव्हा घरच्यांना फोटो पाठवा आणि खऱ्या गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट.

भाचा म्हणेल, रील कर. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केलं, तेव्हापासून घराघरात एक सल्लागार तयार झालाय. तो तुमचं दोन दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात पळवतो आणि वर हलगी लावतो. दिसायला झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार विचारतो, "अर्ध्या मिनटात होतंय की. मग हजार रुपये कशाचे?" रील करायचंच असेल तर उडदाच्या कडेनं बसण्यापासूनचं सगळं दाखवा. कुणी बघणार नाही, पण भाव टिकेल.

चित्राच्या कोपऱ्यात सही करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तुमच्या चित्रावर तुमचा हक्क तुम्ही आहात तोवर आणि तुमच्यानंतर ६० वर्षं राहतो. असं असूनही तुमचा गणपती एके दिवशी चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटलवर दिसेल, खाली हात जोडलेल्या शुभेच्छुकांच्या तीन रांगा, आणि सहीच्या जागी एका भावी सरपंचाचं डोकं. कायदा तुमच्या बाजूनं आहे. डिजिटलवाला मात्र मायेच्या बाजूनं मामा लागतो. विषय जेवणाच्या ताटावर काढा, कोर्टात नको.

शेवटचा पाठ: माणसाचं चित्र

तालुक्यात पैसे मिळतात ते एकाच कामाचे, गेलेल्या माणसाच्या चित्राचे. आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो येतो आणि सोबत सूचना येतात. डोक्यावर पागोटं हवं. ओठ जरा हसरे हवेत. आज्जीच्या नाकात नथ घाला, तिची फार इच्छा होती. हे काम मन लावून करा. नथ घाला. खऱ्यातली नव्हती म्हणून कागदावर अडून बसणारा चित्रकार कितीही सच्चा असो, माझ्या मते तो त्या घरात चहा प्यायच्या लायकीचा नाही.

या कामात हात बसला की तुम्हाला अप्पांचं चित्र काढावंसं वाटेल. कोळशानं काढाल. ओट्यावर बसलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे कुठंतरी मळ्याकडं लागलेले. चांगलं होईल. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. रात्री स्टेटसला ठेवाल, खाली फक्त 'अप्पा' असं लिहाल आणि झोपाल.

इथं नवशिक्यांनी लक्ष द्यावं. आपल्या भागात वडिलांचं काळं-पांढरं चित्र स्टेटसला एकाच कारणासाठी लागतं.

पहाटे साडेचारला पहिला फोन चाकणच्या चुलतभावाचा येईल. तो कंपनीच्या गाडीतून उतरलाय आणि रडतोय. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडायला लागलेली असेल. एकानं लिहिलं की खाली सगळे चिकटवतात, चित्र न बघता. सर लिहितील, तालुका एका जाणत्या शेतकऱ्याला मुकला. लातूरचे मामा पहिल्या एसटीत बसलेले असतील. उजाडता उजाडता शेजारची काकू तोंडाला पदर लावून अंगणात येईल आणि ओट्यावर चहा पिणाऱ्या अप्पांना बघून पुन्हा किंचाळेल.

घाबरू नका. स्टेटस लगेच काढायला जाल, तर अप्पाच हात धरतील.

"थांब. वाच आधी. काय काय लिहिलेत?"

सगळं वाचून दाखवा, हळू. ज्यांच्याशी बारा वर्षं बोलणं नाही त्या भावकीतल्या माणसानं देवमाणूस लिहिलंय, ते दोनदा वाचायला लावतील. मग कुणी कुणी लिहिलं नाही ते विचारतील. तीही यादी द्या, तारखेसह. चित्राबद्दल विचारू नका, बघून झालंय. "कान बरोबर आलेत," एवढं ते उठता उठता म्हणाले तर फार झालं.

पुढच्या वेळी रंगीत काढा, किंवा खाली 'तब्येत ठणठणीत' असं लिहा. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं. एसटीनं निघालेले पाहुणे जात नाहीत, तेव्हा दूधवाल्याला दोन लिटर जास्तीचं सांगून ठेवा.