लॅब्रडॉर चिखलात कसा लोळवावा : नवशिक्यांसाठी

आधी एक गैरसमज दूर करू. कुत्रा आपण पाळला आहे, असं तुम्हाला वाटतं. परवान्यावर तुमचं नाव आहे, त्यामुळे कागदोपत्री ते खरंही असेल. पण जूनच्या पहिल्या पावसानंतर टेकडीवर जाऊन बघा. कोण कुणाला फिरवतंय, हे पट्टा कुठल्या बाजूला ताणलाय त्यावरून सहज कळेल.

साहित्य : एक लॅब्रडॉर (शक्यतो फिकट रंगाचा, म्हणजे केलेलं काम दिसतं), एक डबकं आणि फेकून द्यायला हरकत नसलेली पँट. डबकं निवडताना घाई नको. वाहत्या पाण्यात लॅब आनंदानं पोहतो, पण त्यात अंगावरची घाण निघून जाते आणि आतापर्यंतची मेहनत फुकट. सकाळी म्हशी बसून गेलेल्या असतील असं साचलेलं पाणी उत्तम. ते तुम्हाला सापडलं नाही तरी काळजी नसावी. त्याला सापडतंच.

आता तो थांबत का नाही, ते समजून घ्या. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली होते. गळावरून निसटलेले मासे धरायचे, जाळी ओढायची, तीही बर्फाळ समुद्रात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उमरावांनी त्यांना उचललं आणि बंदुकीनं पाडलेली बदकं दलदलीतून आणायच्या कामाला लावलं. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. पाणी आतपर्यंत पोहोचू न देणारी दुहेरी लव, बोटांमधले पडदे, सुकाणूचं काम करणारी जाड शेपूट, हे सगळं त्या नोकरीचं सामान. पुढे तो आपल्याकडे आला. इथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झालेली, आणि राहायला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. नोकरी गेली, गणवेश अंगावर राहिला. अशा गृहस्थाला डबक्याजवळून ‘चल बाळा, घरी’ म्हणून नेणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

तरी ‘नको’ म्हणायला हरकत नाही. पहिल्या ‘नको’ला तो तुमच्याकडे बघेल. दुसऱ्याला शेपूट हलवेल. तिसरं ‘नको’ तुम्ही त्याच्या पाठीला उद्देशून म्हणाल.

पाण्यातला चिखल हा प्राथमिक अभ्यासक्रम. खरा कस लागतो तो मेलेला मासा, जुनं शेण किंवा ओळख पटू नये असं काहीतरी दिसल्यावर. आधी एक खांदा टेकतो, मग मान घासली जाते, मग चारी पाय आकाशाकडे. लांडगेही असंच करतात. शिकारीजवळ जाताना स्वतःचा वास लपवण्यासाठी, असं काही अभ्यासक म्हणतात. ‘मला काय सापडलं बघा’ ही बातमी कळपाला द्यायला, असं दुसरे म्हणतात. निकाल लागलेला नाही. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण बातमी दरवेळी आमच्याच सोफ्यापर्यंत पोहोचते.

यानंतर अंग झटकणं. जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी ओल्या प्राण्यांचं जलदगती चित्रण करून मोजमाप केलं, तेव्हा लॅब्रडॉर सेकंदाला चारहून अधिक वेळा हेलकावतो असं दिसलं. काही सेकंदांत बहुतेक पाणी उडतं. ते कुठे उडतं याचं उत्तर मात्र आपल्याकडे, लिफ्टमध्ये मिळतं. मोकळ्या मैदानात तो झटकत नाही असं नाही, पण राखीव साठा लग्नाला निघालेल्या शेजारीणबाईंसाठी ठेवतो. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य या प्रसंगी उच्चारू नये.

दुसरी जात घेऊन सुटका होईल, असं मनात येत असेल. डॅशहाउंड बिळात घुसून बॅजर बाहेर काढण्यासाठी घडवलेला आहे. आपल्या घरात बॅजर नसल्यामुळे तो तुळशीची कुंडी उकरतो. बीगलचं नाक जमिनीवरून उठत नाही, त्यामुळे लांब कान परस्पर गटार पुसून येतात. सोलापूर-सांगलीकडचा कारवानी हा त्यातल्या त्यात स्वच्छ. लव आखूड, धूळ हातानं झाडली तरी जाते. फक्त त्याला ससा दिसू देऊ नका. तुमचा खांदा आणि वरचा तो कायदा, दोन्ही अडचणीत येतील.

आता थोडं गंभीर. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, तेव्हा लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. गोचीडताप जिवावर बेतू शकतो. ओला चिखल चोळू नका, वाळू द्या आणि मग ब्रश फिरवा. (वाळण्याची जागा तो स्वतः निवडतो. तिथली चादर आधीच काढून ठेवावी.) आपला शांपू त्याला लावू नये, त्याची त्वचा आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. कुत्र्यांसाठीचा वापरा, आणि शक्य असेल तर बिनवासाचा. लव्हेंडरचा वास घेऊन चारचौघांत फिरणं त्याला जमत नाही, पहिल्या संधीला तो त्यावर उपाय शोधतो.

म्हणून आंघोळीनंतर तो पूर्ण वाळेपर्यंत दार उघडू नये. बेल कुरियरवाल्यानं वाजवली असेल तर पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगा. सासूबाई असतील तर त्यांनाही तिथेच बसायला सांगा.