चालण्याची जमाबंदी

रक्ततपासणीच्या कागदावर साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या रकान्यांत तारांकित आकडे उमटले, डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत ‘थोडे चालत जा’ एवढे तीनच शब्द उच्चारून फी घेतली, म्हणजे दादरच्या सुखवस्तू गृहस्थाच्या आयुष्यात जो नवा अध्याय सुरू होतो, त्याचे पहिले वाक्य ‘मी चालतो’ असे नसून ‘आठवड्यातून किती वेळा चालावे?’ असे असते, हे ज्याने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एखादी संध्याकाळ घालवली असेल त्याला निराळे सांगण्याचे कारण नाही.

हा प्रश्न वरकरणी जिज्ञासेचा वाटला तरी मूळचा तो मुदतवाढीचा अर्ज असतो. उत्तर येईपर्यंत चालणे तहकूब ठेवण्याची सोय त्यात आपोआप होते; उत्तरे परस्परविरुद्ध आली, आणि ती तशी येतातच, तर सारे प्रकरण वरच्या कचेरीकडे अभिप्रायार्थ रवाना करता येते. अर्जदार या मधल्या काळात स्वस्थ बसतो असा आरोप मात्र मी करणार नाही. तो रानडे रोडवरून चालण्याचे बूट आणतो, पळण्याच्या बुटांनी चालले तर टाचेवर काय परिणाम होतो याची चौकशी करून ते बदलून आणतो, घाम शोषणारे सदरे घेतो, आणि अखेर मनगटावर असे एक घड्याळ बांधतो की जे त्याची पावले, नाडी, निद्रा आणि रक्तातील प्राणवायू यांची रोजकीर्द लिहीत असते व तासभर तो खुर्चीतून हलला नाही तर हळूच थरथरून उठण्याची ताकीद देते. ही ताकीद वाचून, घड्याळाच्या अचूकपणाचे कौतुक करून, तो ती शेजाऱ्यालाही दाखवतो, आणि एवढे सारे बसल्या जागी पार पाडतो.

१९२७ पर्यंत माहीम पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिवाजी पार्कच्या मैदानाची आखणी ज्या कोणी केली त्याला मनुष्यस्वभावाची चांगलीच जाण असली पाहिजे. कारण मैदानाला वेढणारा सुमारे पावणेबाराशे मीटर लांबीचा कट्टा बसणाऱ्यांसाठी असून त्याच्या कडेची वाट चालणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यामुळे चालणारा जेथे जेथे जाईल तेथे तेथे त्याच्या चालण्याचा इन्साफ करण्यास कोणी ना कोणी बसलेला असतोच. नवखा इसम या न्यायासनापुढे उभा राहिला, म्हणजे खरे तर त्याच्या शेजारी जागा करून बसला, की निरनिराळ्या पंथांची मते त्याच्या कानी पडू लागतात. नित्यवाद्यांचे म्हणणे असे की रोज चालावे, पहाटे पाचला चालावे आणि तासभर चालावे. या पंथाचे बहुतेक अनुयायी सेवानिवृत्त असून पहाटे चारनंतर त्यांना झोप लागत नाही, एवढेच त्यांच्या सिद्धांताचे मूळ आहे. एकांतरवादी सांगतात की स्नायूंना विश्रांती हवी, सबब एक दिवस चालावे व एक दिवस थांबावे. वजने उचलणाऱ्या पहिलवानाच्या बाबतीत हे मत शास्त्रशुद्ध आहे. परंतु मैदानाला सावकाश फेरी मारणाऱ्या गृहस्थाने आपल्या पोटऱ्यांची तितकी काळजी वाहण्याचे कारण नसते, आणि शिवाय अनुभव असा की या पंथाचा माणूस विश्रांतीचे दिवस शिस्तीने पाळतो व चालण्याचे दिवस सोयीने. रविवारवाद्यांचा परामर्श स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. तो पुढे घेतो.

या सर्वांच्या वर अलीकडे एक पक्ष प्रबळ झाला आहे, ज्याला दिवसवारांशी काही कर्तव्यच नाही, कारण त्याचे आराध्यदैवत दहा हजार पावले हे आहे. या आकड्यामागे एखाद्या ऋषितुल्य शरीरशास्त्रज्ञाची तपश्चर्या असावी अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांचे मन दुखवण्याचा माझा हेतू नाही. परंतु वस्तुस्थिती अशी की टोकियोची १९६४ची ऑलिंपिक आटोपल्यावर पुढच्याच वर्षी जपानमधील एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे ठेवले, आणि दुकानाच्या फळीवर शोभून दिसणारा तो गोल आकडा सहा दशकांत शास्त्रवचनाच्या पदवीला जाऊन पोहोचला. पुढे २०१९ साली, सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या पावलांची मोजदाद प्रसिद्ध झाली, तेव्हा दिवसाकाठी सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलांवर थांबणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे मात्र लाभाची रेषा जवळजवळ आडवी झाली. हे वर्तमान कट्ट्यावर कोणी आणलेच तर त्याच्यावर आळशीपणाचा ठपका येतो. मोगल दरबारात पंचहजारीच्या वरच्या मनसबी बहुधा राजपुत्रांसाठीच राखलेल्या असत. आमच्याकडे दहाहजारी मनसब मनगटावरच्या घड्याळासोबत येते, आणि ती टिकवण्यासाठी रात्री साडेदहाला, उरलेली चारशे पावले भरून काढण्याकरिता, सोफ्याला प्रदक्षिणा घालणारे मनसबदार ज्या घरांत आहेत त्या घरांच्या खालच्या मजल्यावरची माणसे या विषयावर अधिक अधिकाराने बोलू शकतील.

जीनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेचे फर्मान यामानाने फारच सौम्य आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे ते म्हणते, आणि ही हालचाल एकेका खेपेला निदान दहा मिनिटांची असावी ही पूर्वीची अटदेखील २०२० च्या सुधारणेत काढून टाकण्यात आली आहे. शिवाजी पार्कच्या भाषेत याचा उलगडा असा होतो की बेताच्या झपाट्याने चालणाऱ्याला मैदानाच्या एका फेरीस चौदा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे सारा आकार आठवड्याला दहा फेऱ्यांचा, आणि पाच दिवसांवर वाटल्यास रोजच्या दोन फेऱ्यांचा. इतका हलका सारा या मुलखातील कोणत्याही रयतेवर कोणत्याही राजवटीत क्वचितच बसला असेल. पण रयतेने ही आकारणी पाहिली आणि तिला पहिली गोष्ट सुचली ती हप्तेबंदीची. सोमवारी कचेरीत काम, मंगळवारी पाहुणे, बुधवारी पोट जड, गुरुवारी उपवासामुळे ते हलके, शुक्रवारी सामना, अशी थकबाकी साचत साचत रविवारवादी जेव्हा रविवारी सकाळी मैदानावर हजर होतो तेव्हा त्याचा निश्चय दहाच्या दहा फेऱ्या एकरकमी भरण्याचा असतो. सहाव्या फेरीला तो तडजोडीवर येतो, आणि सातव्या फेरीची रक्कम बटाटेवड्याच्या गाडीपाशी जमा होते. जून ते सप्टेंबर पावसाची तहकुबी, मध्ये गणपतीची सूट, मग दिवाळीची, थंडीत पहाटेची हवा बाधते म्हणून व मे महिन्यात ती नसतेच म्हणून आणखी काही सवलती; आणि उत्साहाची आणेवारी जाहीर करण्याचा अधिकार खुद्द खातेदाराच्याच हाती असल्याने या जिल्ह्यात दुष्काळ दरसाल पडतो.

शरीराच्या कचेरीत मात्र या दप्तराला कोणी विचारीत नाही. श्रम केलेले स्नायू रक्तातील साखर अधिक तत्परतेने ओढून घेऊ लागतात, आणि ही तत्परता एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकून पुन्हा मावळते. म्हणूनच मधुमेह्यांनी व्यायामात लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा अमेरिकेतील मधुमेह संघटनेचा सल्ला आहे. रविवारी केलेला भरणा गुरुवारी खात्यावर दिसत नाही तो यामुळे. (आठवड्याचा सारा श्रम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्या लोकांनाही दीर्घायुष्याच्या दृष्टीने बराच लाभ होतो, असे अलीकडचे काही मोठे अभ्यास सांगतात, पण ते लोक ठरलेली मिनिटे पुरी करतात, बटाटेवड्यापाशी थांबत नाहीत, आणि हे अभ्यास आमच्या रविवारवाद्यांच्या हाती न लागतील तर बरे.) नवख्याचा दुसरा घात त्याच्या हुरूपाने होतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात, स्नायुबंध आणि हाडे मात्र जुन्या खात्यातील कारकुनांप्रमाणे सावकाश हलतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दम लागत नाही असे पाहून जो गृहस्थ एकदम तासभर चालू लागतो, त्याची टाच, नडगी किंवा गुडघा तिसऱ्या आठवड्यात फिर्याद गुदरतो, आणि तो लंगडत कट्ट्यावर येऊन ‘चालणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असा निकाल सर्वांना ऐकवतो. व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा असे सुश्रुतसंहितेत सांगून ठेवले आहे. वाग्भटाने तर ही अर्धशक्तीसुद्धा थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांपुरती ठेवून इतर ऋतूंत श्रम आणखी कमी करण्यास सांगितले. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारे पुष्कळ आहेत, पण या वचनांचा उपयोग ते चालण्याचा वेग ठरवण्यासाठी न करता चालणे रद्द करण्यासाठी करतात.

पूर्वजांच्या चालण्याचे काय, हाही एक वादविषय कट्ट्यावर नेहमी निघतो. ‘आमचे आजोबा तालुक्याच्या शाळेत रोज चार कोस पायी जात’ हे वाक्य इकडे अशा थाटात उच्चारले जाते की जणू ते चार कोस घराण्याला वतन म्हणून लागले असून नातवाने त्यावरचे उत्पन्न बसून खावे. ज्यांनी खरोखरच अंतरे तोडली त्यांचा शिरस्ता पाहावा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आषाढीपर्यंत चालते, पण पुण्यात एक दिवस थांबून मग दिवेघाट चढते आणि सासवडला पुन्हा विसावा घेते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून चोवीस दिवसांनी दांडीला पोहोचलेले साठ वर्षांचे गांधीजी वाटेत सोमवारी चालत नसत. विश्रांतीचा दिवस ठरलेला असावा आणि तो संपल्यावर उठावे, ही दुसरी गोष्ट आमच्या लोकांनी का उचलली नाही हे सांगणे अवघड आहे.

ज्या सबबीला कट्ट्यावर सर्वांत मोठा हशा मिळतो ती सबब मात्र माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे. ‘मी रोज दादर स्टेशनचा पूल चढतो-उतरतो, गाडी पकडायला धावतो, तेवढे पुरे नाही का?’ असे विचारणाऱ्या कारकुनाला हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते की दहा मिनिटांची अट उठल्यापासून त्याचे पुलावरचे प्रत्येक मिनिट कायदेशीरपणे हिशेबात धरले जाते. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. अर्थात पुढे त्यांनीच गणवेशांच्या मापांची दफ्तरे काढली आणि चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद होत्या असे निघाले, तेव्हा दोष खुर्चीचा किती आणि मुळातल्या कमरेचा किती, हा प्रश्न शिल्लक राहिलाच. तरी पूल चढणाऱ्याला पूल चढण्याचे श्रेय द्यावे. त्याने फक्त उद्वाहनापाशी उभे राहून ते मागू नये.

आता चालण्याच्या गतीचे. मध्यम श्रमाची ओळख अशी की बोलता येते पण गाता येत नाही. मिनिटाला सुमारे शंभर पावले हा त्याचा अंदाज. शिवाजी पार्कला जोडीने चालणारे पहिल्या शंभर पावलांत ही गती गाठतात, इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघताच ती निम्मी होते, आणि वाढीव चटईक्षेत्र कोणाच्या पदरात पडले या मुद्द्यावर दोघेही वाटेच्या मधोमध उभे राहतात. घड्याळ थरथरते, पण वाद मोठा असतो.

माझा निवाडा असा. ज्याने आजवर काही केले नाही त्याने पहिले दोन-तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एकच फेरी मारावी. अंगवळणी पडली की दुसरी वाढवावी. खाडे करावयाचेच तर ते सलग दोन दिवसांपलीकडे जाऊ देऊ नयेत. आणि छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचे जुने दुखणे असेल, तर कट्ट्याला न विचारता डॉक्टरांना विचारावे. एवढ्यासाठी बूट बदलून आणण्याची गरज नाही. कट्ट्यावरील सन्माननीय सभासदांना मात्र एक नम्र विनंती आहे: अभिप्राय देताना त्यांनी पाय वाटेवर पसरू नयेत, कारण आपला अर्ज मागे घेऊन चालू लागलेली काही माणसे तिथून जात असतात.