नवशिक्यांसाठी निळा पडदा

मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं मनावर घेतलंत, उत्तम. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं या फंदात मात्र पडू नका. लॅबमधला कोणताही पीसी उघडा, निळ्या पडद्याचं टर्बो सी प्लस प्लस तिथं असणारच. तुम्ही त्यावर शिकलात, तुमचे सरही त्यावरच शिकले. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरलं आणि हे सॉफ्टवेअर त्याहून जुनं. वडीलधाऱ्यांना नियम कोण दाखवणार?

नव्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये बसवा. आत अडकलेला माउस कंट्रोल-एफ१० दाबून सोडवता येतो. हे चाळीस मुलांना दाखवेपर्यंत पहिला तास संपतो.

दुसऱ्या तासाला फाइल सेव्ह करायची. डॉसला नाव इंग्रजीत लागतं, तेही आठ अक्षरांत. त्यामुळे ज्ञानेश्वरीची फाइल 'ज्ञानेश' होते. त्याच पीसीवर बसणाऱ्या ज्ञानेशला याचा शोध परीक्षेच्या आदल्या दिवशी लागतो.

आता प्रोग्राम चालवा. उत्तर वीज चमकावी तसं येऊन जातं, म्हणून शेवटी getch() लिहायचं. "सर, हे कशाला?" असं कोणी विचारलं तर "लिहायचं असतं" एवढं पुरे. फॅक्टोरियल शिकवताना सातपर्यंतच थांबा. इथला इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर जात नाही. आठचं फॅक्टोरियल ४०३२० यायला हवं, ते उणे २५२१६ येतं. (खरं तर बिटांचा धडा शिकवायला याहून चांगली संधी मिळणार नाही. पण पोर्शन कोण संपवणार?)

कोणी थॉनी सुचवेल. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं, फुकट, पायथन त्यातच आलेलं. प्रोग्राम एकेक पायरी चालतो आणि कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते शेजारी दिसत राहतं. म्हणजे चूक पोराला स्वतःच सापडणार. मग तुम्ही रांगांमधून फिरून करायचं काय? एमआयटीचं स्क्रॅच तर त्याहून वाईट. ठोकळे जोडायचे, सेमीकोलन नाहीच, आणि पाचवीतली मुलगी अर्ध्या तासात मांजर नाचवते. इतकं हसत शिकलेल्याला मार्क कसे द्यायचे?

प्रॅक्टिकलच्या दिवशी वीज जाईल, त्याची काळजी नको. प्रोग्राम जर्नलच्या उजव्या पानावर पेनानं लिहून घ्या. आउटपुट डाव्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं.